एका रस्त्याला एक गाडी

आमच्या घरी चारचाकी नाही. परवडत नाही म्हणून नाही, ठरवलंय म्हणून. हे मी भोकरदनमध्ये इतक्या जणांना इतक्या वेळा ऐकवलंय की, मी विषय काढला की समोरचा माणूस चहाचा कप खाली ठेवून उठायच्या तयारीला लागतो. मी कल्याण. शाळेत विज्ञान शिकवतो, आणि शिकवायची खोड शाळा सुटल्यावरही जात नाही.

नियम सगळे माझेच. शाळेला सायकलवर जायचं. घरात एसी नाही, कूलर लावायचा तो फक्त मे महिन्यात. लग्नात आहेर द्यायचा नाही आणि घ्यायचाही नाही, कारण आपल्याकडं प्रत्येक घराच्या कपाटात न नेसलेल्या साड्यांची चळत असते आणि तीच साडी त्याच चुरगळलेल्या पाकिटात या मांडवातून त्या मांडवात फिरत राहते. कुठंतरी ती विणलेली असते, रंगवलेली असते, त्यापायी कुठली तरी नदी नासलेली असते, आणि नेसत मात्र कोणीच नाही. गाडी भाड्यानं करावी लागलीच तर एकही सीट रिकामी जाता कामा नये. आणि सगळ्यात लाडका नियम म्हणजे एका रस्त्याला एक गाडी. एकाच लग्नाला दोन घरं निघाली असली तर मी मध्ये पडून दोघांना एका गाडीत बसवायचो, मग त्यांची बोलचाल असो वा नसो. स्टँडवरचे जीपवाले मला हसायचे. म्हणायचे, सर आपल्यातलेच हायेत, आपण बी भरल्याबिगर हलत न्हाई.

लोकांना वाटायचं, बायको बिचारी सोसत असेल. तसं अजिबात नव्हतं. रेणुका माझ्यापेक्षा पक्की. मी कधीकधी ढिला पडायचो, ती नाही. मांडवात बायका तिच्या ओटीत साडी टाकायला आल्या की ती हसत दोन्ही हातांनी ती परत त्यांच्याच हातात द्यायची. आधी नातेवाईक रुसले, मग सवय झाली, मग काही जणी तिच्या मागं लागल्या की आमच्या घरी येऊन हे सासूला समजावून सांग. तिला त्याचा अभिमान होता. मला तर होताच, तो लपवायची मला कधी गरज वाटली नाही.

तिचं माहेर अंबड तालुक्यातलं वडीगोद्री. आमच्या घरापासून शंभरावर किलोमीटर. तिथं तिची आई जयवंताबाई आणि भाऊ ओमप्रकाश. ओमप्रकाशचं हायवेला पाइप आणि मोटारींचं दुकान आहे. फेब्रुवारीपासून सासूबाई फोनवर ये म्हणत होत्या. रेणुका म्हणायची, माई, शाळेला सुट्टी लागू दे, तृप्तीची परीक्षा होऊ दे, सगळे मिळून एकदाच येतो, आठ दिवस राहतो. तृप्ती आमची मुलगी, संभाजीनगरला नर्सिंग शिकते. तुटक तुटक तीन फेऱ्या करण्यापेक्षा एकच फेरी, हाही आमच्या घरचाच हिशेब. सासूबाई म्हणायच्या, ये माय, तुझ्या सोयीनं ये. मी बाजूला बसून ते ऐकायचो आणि मला बरं वाटायचं. असे तीन महिने गेले.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी पावणेसातला ओमप्रकाशचा फोन आला. म्हणाला, दाजी, माई गेली.

आदल्या दिवशी त्या गच्चीवर वाळवण राखत होत्या. लेक येणार म्हणून कुरडया जास्तीच्या केल्या होत्या. दुपारी खाली आल्या त्या भिंत धरूनच. पाणी पोटात ठरेना. संध्याकाळी अंबडला नेऊन सलाईन लावलं, बरं वाटलं, बोलल्या, घरी आणलं. पहाटे सून चहा घेऊन गेली तर अंग गार. डॉक्टरांनी ऊन लागलं म्हणून सांगितलं. त्या आठवड्यात पारा चव्वेचाळीसच्या खाली येतच नव्हता. मी वर्गात फळ्यावर माणसाचं चित्र काढून सांगायचो की ऊन असंच वाढत गेलं तर पहिल्यांदा म्हातारी माणसं जातील, घाम यायचा थांबेल, डोकं गरगरेल. पोरं वहीत लिहून घ्यायची. त्या चित्राला मी कधी तोंड काढलं नव्हतं.

रेणुकानं माझ्याकडं बघूनच ओळखलं. ती रडली नाही. खाली बसली, मग उठली, केस बांधायला लागली आणि एवढंच विचारलं, "तोंड तरी दिसंल ना मला?"

मी म्हणालो, "तुझ्याबिगर उचलणार न्हाईत."

ते काही मी तिची समजूत घालायला म्हणालो नव्हतो. आमच्याकडं रीतच आहे. लेक आल्याशिवाय आईला उचलत नाहीत. आणि बाईमाणूस असेल तर तिच्या माहेरचं लुगडं अंगावर पडल्याशिवाय तिला वाटेला लावत नाहीत. बाई सासरी पन्नास वर्षं राबली, तिथंच म्हातारी झाली, तरी शेवटचं वस्त्र तिच्या भावानंच आणायचं. सासूबाईंचं माहेर हसनाबाद. तिथं त्यांचे थोरले भाऊ राधाकिसन मामा, वय अठ्ठ्याहत्तर. म्हणजे वडीगोद्रीला दोन ठिकाणची माणसं पोचायला हवी होती, भोकरदनहून लेक आणि हसनाबादहून लुगडं.

मी मिथुनला फोन लावला. आमच्या गल्लीतला पोरगा, त्याची ड्रायव्हर धरून आठ सिटांची गाडी भाड्यानं चालते. तो येतो म्हणाला. तेवढ्यात हसनाबादहून मामांचा मुलगा भुजंग याचा फोन आला. त्यानं गेल्याच वर्षी गाडी घेतली होती. म्हणाला, दाजी, मी दादांना आन् आईला घेऊन निघतो, तुम्ही तिकडून या, तिथंच भेटू.

आता जे सांगतो ते मी त्यानंतर मनात शंभर वेळा उलटसुलट करून पाहिलं आहे. मी त्याला म्हणालो, "थांब, गाडी काढू नको. एका रस्त्याला दोन गाड्या कशाला? माझी गाडी मोठी आहे, आम्ही दोघंच आहोत. हसनाबादवरून येतो, सगळे संगंच जाऊ."

तो म्हणाला, दाजी, आम्ही निघून जातो ना पटकन. मी म्हणालो, अरे, मोठी गाडी आहे म्हणतोय ना, गल्लीतलं आणखी कोणाला यायचं असलं तरी सांगून ठेव. भुजंग माझ्या शब्दाबाहेर नाही. बरं म्हणाला आणि गाडी परत शेडमध्ये लावली. लोकांना वाटेल, या माणसाला मौतीतही तत्त्व सुचतं. तत्त्व कुठलं? विचार करून बोललो असतो तर बोललोच नसतो. पंधरा वर्षं जे तोंडात बसलं होतं ते आपोआप बाहेर पडलं. रेणुका शेजारी उभी होती. तीही काही बोलली नाही.

भोकरदनहून सरळ राजूर, जालना, अंबड करून गेलो असतो तर साडेदहाला वडीगोद्रीत असतो. हसनाबादला वळायचं म्हणजे फार तर अर्धा-पाऊण तास जास्त, असं मी धरलं होतं. आठला निघालो. पावणेनऊला मामांच्या दारात गाडी लागली. मामा पांढरं धोतर, फेटा घालून ओट्यावर बसले होते. पण लुगडं घेतलेलं नव्हतं.

घरात साड्या नव्हत्या असं नाही. सुनेनं कपाट उघडून आठ-दहा नव्याकोऱ्या साड्या मामांपुढं ठेवल्या होत्या, सगळ्या आहेरात आलेल्या. मामांनी त्या हातानं बाजूला सारल्या होत्या. म्हणाले, "कोणाकोणाचा आलेला आहेर फिरवून माझ्या बहिणीच्या अंगावर घालू का मी?" हेच तर मी लोकांना सांगत आलो होतो.

मग दुकान उघडायला माणूस पाठवला. दुकानदार आंघोळीला गेलेला. साडेनऊला शटर वर गेलं. मामा, मी, रेणुका, तिघं गादीवर बसलो. मामांनी एकेक साडी उलगडायला लावली. त्यांना डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं, काठ बोटांनी चाचपून बघत होते. शेवटी रेणुकाला म्हणाले, बाई, तुझ्या माईला कोणता रंग आवडायचा? तिला आठवेना. आपल्या आईचा आवडता रंग तिला आठवेना, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मी दुकानाबाहेर जाऊन उभा राहिलो. थोड्या वेळानं आतून ऐकू आलं, जांभळा. खरंच आठवला की नुसताच सांगितला, हे मी तिला आजवर विचारलं नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या भावाला बहिणीचं शेवटचं लुगडं लवकर निवडा म्हणून घाई करायची कोणाची छाती होणार? निदान माझी झाली नाही.

सव्वादहाला आम्ही परत गाडीपाशी आलो. मामा पुढं मिथुनच्या शेजारी बसले, मांडीवर साडीचं पाकीट. रेणुका मधल्या सिटावर खिडकीशी बसली. मी दाराला हात लावून उभा होतो आणि फोन वाजला.

ओमप्रकाशचा आवाज बसलेला होता. म्हणाला, "दाजी, कुठपर्यंत आलात? माईचं अंग राहून न्हाई राह्यलं. अंबडची शीतपेटी दुसऱ्या गावाला गेली. दुकानातून बर्फ आणून लावलाय, तो बी पाणी होऊन राह्यला. जाणती माणसं म्हणतेत, उन्हात आता ठेवू नका. एकपर्यंत थांबतो म्हणलो मी. एकच्या पुढं मला कोणी थांबू देणार न्हाई. ताईला घेऊन जल्दी या."

मी म्हणालो, निघालोच.

त्या वेळी सव्वादहा वाजले होते. मामा गाडीत होते, लुगडं गाडीत होतं, लेक गाडीत होती, मिथुननं चावी लावली होती. तशीच गाडी सोडली असती तर पावणेएकला पोचलो असतो. पण साळूबाई मामी घरातून पिशवी घेऊन येत होत्या. शेजारच्या दोघी पदर डोक्यावर घेऊन उभ्या होत्या. आणि पलीकडच्या गल्लीतून झुंबरबाईंचा निरोप आला होता, मला न्हेल्याशिवाय जाऊ नका. झुंबरबाई ऐंशीच्या. सासूबाईंच्या लहानपणच्या सोबतीण, दोघींनी एका आडावर पाणी भरलेलं. आणि हे सगळे निरोप गेले होते ते माझ्याच सांगण्यावरून, गाडी मोठी आहे म्हणून. आता त्यांना काय सांगायचं होतं, तुम्ही राहू द्या?

हो, तेच सांगायचं होतं. साळूबाई मामींना म्हणायचं होतं, मामी, भुजंगच्या गाडीत मागून या. दोन वाक्यं. मी रेणुकाकडं पाहिलं. ती समोरच्या सिटाच्या पाठीकडं बघत होती. ओमप्रकाश एकपर्यंत म्हणाला, हे मी तिला सांगितलं नाही. मनात म्हणालो, सगळेच असं म्हणतात. एक म्हणतात आणि तीनला उचलतात. लेकीसाठी थांबत नाहीत असं कुठं होतं का? मामी पाय वर टाकत होत्या, त्यांना मी हात दिला.

झुंबरबाई काठी टेकत आल्या तोवर अकरा वाजून गेले होते. त्या मध्येच थांबून उमाळा आला की रडायच्या आणि मग पुन्हा चालायला लागायच्या. गाडी भरली, भुजंगलाच जागा उरली नाही. माझ्या आयुष्यात इतकी बराबर भरलेली गाडी दुसरी नसेल.

वाटेत मामींना उलट्या झाल्या, दोनदा थांबलो. जालन्याच्या अलीकडं मालाच्या ट्रकांची रांग लागली होती. खिडकीतून येणारा वारा तोंड भाजत होता. साडेबाराला पुन्हा ओमप्रकाश. मी म्हणालो, जालना सोडलं. सोडलं नव्हतं. आपल्याकडं फोनवर कोणी आपण खरे कुठं आहोत ते सांगत नाही, आंघोळीला बसलेला माणूसही पोचतोच म्हणतो. रेणुकानं मान वळवून बाहेर पाहिलं. बाहेर जालन्याची पाटी अजून आली नव्हती.

मग फोन आला नाही. मी लावला, कोणी उचलला नाही.

वडीगोद्रीच्या अलीकडं, ओमप्रकाशच्या शेतात, हायवेवरूनच धूर दिसला. घड्याळात दोन वीस झाले होते. मिथुननं गाडीचा वेग कमी केला. रेणुका म्हणाली, "मिथुन, घरी नको. शेतातच घे." एवढ्या शांत आवाजात म्हणाली की मला भीती वाटली.

चिता चांगली पेटली होती. त्या उन्हात आगीच्या वीस हात जवळही जाता येत नव्हतं. माणसं बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत उभी होती. ओमप्रकाश ओल्या अंगानं पुढं आला आणि रेणुकाच्या पायाशी बसला. म्हणाला, ताई, दीडपर्यंत थांबलो मी. दाजी जालना सोडलं म्हणले म्हून आणखी अर्धा तास थांबलो. मला कोणी थांबू देईना.

तृप्ती धावत आली. ती संभाजीनगरहून एसटीनं निघून अकरालाच पोचली होती. तिनं आजीला पाहिलं होतं, आजीचे केस विंचरले होते, बर्फाची घमेली बदलली होती. ती आईला मिठी मारून रडली. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "बाबा, तुम्ही होतात कुठं?" मी गाडीकडं बोट दाखवलं. गाडीतून मामी, शेजारच्या दोघी आणि झुंबरबाई यांना माणसं धरून उतरवत होती. त्या एकेक बाहेर येत होत्या, संपतच नव्हत्या.

मामा साडी छातीशी धरून उभे होते. त्यांनी विचारलं, माझ्या बहिणीला काय घालून न्हेलं? ओमप्रकाशनं सांगितलं, गावात उषाबाई म्हणून आहेत, हसनाबादचीच लेक. लुगडं येईना तेव्हा त्यांनी आपल्या पेटीतलं काढून दिलं, म्हणाल्या, मी बी तिच्या माहेरचीच म्हणा. ते ऐकून मामा लहान पोरासारखे रडायला लागले. सख्खा भाऊ जिवंत असताना बहीण उसन्या माहेरच्या लुगड्यात गेली, हे ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. मग कोणीतरी म्हणालं, मामा, द्या ते आगीत. मामा पुढं सरकले आणि त्यांनी साडी पाकिटासकट आगीवर टाकली.

आणि त्या वेळी माझ्या मनात काय आलं ते सांगतो, कारण ते लपवलं तर बाकीचं सांगण्यात अर्थ नाही. माझ्या मनात आलं, अहो, प्लास्टिक तरी काढायचं. ओठापर्यंत आलं. सासू समोर जळत होती, बायको आगीकडं तोंड करून मातीत बसली होती, आणि मी पाकिटाचा धूर बघत होतो. माझी मला इतकी किळस याआधी कधी आली नव्हती.

ज्या उन्हाच्या भीतीनं मी पंधरा वर्षं लोकांच्या गाड्या मोजल्या, त्या उन्हानं सासूबाईंना नेलं आणि त्यांच्या लेकीला दोन तासांची सवलतही दिली नाही. याचा राग कोणावर काढावा? मुंबई-पुण्यातल्या एकेकट्या माणसाला घेऊन पळणाऱ्या गाड्यांवर? तो काढून बघितला. पण सव्वादहा वाजता हसनाबादमध्ये दाराला हात लावून त्यातलं कोणी उभं नव्हतं. मी होतो.

रेणुका तेराव्यापर्यंत वडीगोद्रीतच राहिली. शाळेला सुट्टी होती, मीही राहिलो. भेटायला येणाऱ्या बायका तिला विचारायच्या, तोंड दिसलं का माय? ती मान हलवून नाही म्हणायची. कशामुळं उशीर झाला विचारलं की म्हणायची, रस्त्यात गर्दी होती. माझं नाव तिनं एकदाही घेतलं नाही. माझ्याशी बोलायची, जेवलात का, औषध घेतलं का. रात्री भिंतीकडं तोंड करून झोपायची. मला वाटायचं, हिला एकची गोष्ट माहीत नाही म्हणून ही माझ्याशी इतकी नीट वागते. कळेल तेव्हा काय होईल? ओमप्रकाश केव्हाही बोलून जाऊ शकला असता. त्यानं बोलण्याआधी मीच सांगायला हवं होतं, आणि रोज मी ते उद्यावर टाकत होतो.

चौदाव्या दिवशी आम्ही निघालो. ओमप्रकाश त्याच्या गाडीनं भोकरदनला सोडतो म्हणाला. रेणुकानंच नको म्हणून सांगितलं, एसटीनं जातो म्हणाली. तो आम्हाला हायवेच्या थांब्यावर सोडून दुकानाकडं गेला. थांब्याला पत्र्याची शेड होती. सकाळचे नऊ, तरी पत्रा तापला होता. जालन्याकडं जाणारी बस यायला अवकाश होता. समोरून गाड्या जात होत्या. ती एसटीला तयार झाली म्हणून मला बरं वाटलं होतं. वाटलं, हिनं मनातून सोडून दिलं असेल. त्या बळावर मी सांगून टाकलं. हसनाबादला फोन आला तेव्हा ओमप्रकाश एकपर्यंतच थांबतो म्हणाला होता. मी तुला ते सांगितलं नाही. आणि जालना सोडलं म्हणालो तेही खोटं होतं.

ती पिशवीचे बंद सारखे करत होती. वर न बघता म्हणाली, "ऐकलं होतं मी."

"काय ऐकलं होतं?"

"सगळं. तुमच्या फोनमधलं बाजूच्याला ऐकू जातं. एकच्या पुढं थांबू देणार न्हाईत म्हणला ओम. मी खिडकीतच बसले होते की."

मी म्हणालो, "मंग बोलली कामून न्हाईस?"

एक बस आली, ती बीडकडची होती, निघून गेली.

"तुम्ही म्हणताल म्हून वाट पाहून राह्यले," ती म्हणाली. "मामी पाय वर टाकून राह्यल्या होत्या. त्यांना उतरा म्हणायचं ते तुमच्या तोंडून निघावं असं वाटलं. मी म्हणले असते तर त्यांनी जन्मभर धरून ठेवलं असतं. मनात म्हणलं, आता म्हणतेत, आता म्हणतेत. झुंबरमावशी कोपऱ्यावर दिसल्या तव्हा बी वाटलं, आता तरी म्हणतेत." तिनं पिशवी बाजूला ठेवली. "आन् खरं सांगू का? भुजंगची गाडी मागं ठेवा म्हणलात ना तुम्ही सकाळी, तव्हा मला बरंच वाटलं होतं. माझी माय मेली होती, आन् मला वाटलं, बराबर बोलले."

मग ती रडली. त्या दिवसापासून पहिल्यांदा. चौदा दिवस दाबून धरलेलं सगळं त्या पत्र्याखाली, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर बाहेर आलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तो तिनं काढला नाही. तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर मी त्या घेऊन घरी गेलो असतो. माझी चूक माझ्याजवळ राहिली असती. पण तिनं त्यातली अर्धी आपल्याकडं ओढून घेतली होती, आणि ती तिच्याकडून काढून घ्यायला माझ्याजवळ एक शब्द नव्हता. तू मला सांगायचं होतंस, असंही म्हणता येत नव्हतं. मी तिला सांगितलं नव्हतं आणि तिनं मला सांगितलं नव्हतं. दोघं जण एकाच गाडीत, हातभर अंतरावर, एकमेकांच्या बोलण्याची वाट बघत बसलो होतो, आणि तिकडं बर्फ वितळत होता.

जालन्याची बस आली. आत जागा होती. मी तिला खिडकीशी बसवलं आणि शेजारी बसलो. कंडक्टर आला, मी दोन तिकिटं घेतली. बस ओमप्रकाशच्या शेताजवळून गेली तेव्हा तिनं खिडकीची काच सरकवून उघडली, आणि शेत मागं पडेपर्यंत ती बाहेर बघत राहिली.